सातबाऱ्यावरची एक ओळ आणि आमचे सहा महिने

घर ताब्यात येऊन दोन महिने झाले, तरी विकास सोसायटीच्या, म्हणजे शेतकऱ्यांना पीक कर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या, ऑफिसाचं ते कुलूप डोळ्यांपुढून जात नाही. आपल्या खानदेशात पहिलं घर घेणारे पुष्कळजण पगारदार आहेत, बँकेच्या कर्जावर घेणारे आहेत. माझ्यासारखी वेळ त्यांच्यावर येऊ नये म्हणून लिहिते आहे. गाव कोणतं, सोसायटी कोणती ते लिहीत नाही.

मी शाळेत क्लार्क आहे, हे एका जिनिंगमध्ये हिशेब बघतात. अकरा वर्षं भाड्याच्या घरात काढली. गावाबाहेरच्या लेआउटमधलं एक घर आवडलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे कडुनिंब. मालक नाना निवृत्त झालेले, मुलाकडे नाशिकला जायचं म्हणून विकत होते. भाव 24 लाख ठरला. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी 2 लाख इसार दिला. आईला फोन केला तर ती म्हणाली, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) नव्या घरात झोका बांधू. माझ्याही मनात तेच होतं. सगळं सुरळीत वाटत होतं. बँकेचं मंजुरीपत्रही बारा दिवसांत हातात आलं.

मग बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी जमिनीच्या 30 वर्षांच्या नोंदींचा शोध, म्हणजे सर्च, घेतला आणि मला बोलावून सातबाऱ्यावर बोट ठेवलं. उजवीकडे ‘इतर हक्क’ असा रकाना असतो. त्यात एक ओळ होती, वि. का. (विविध कार्यकारी, म्हणजे तीच विकास) सोसायटीचा बोजा, रुपये 18,000. बोजा म्हणजे या जमिनीवर कोणाचं तरी कर्ज असल्याची नोंद. वकील म्हणाले, “ही ओळ निघाल्याशिवाय मी टायटल क्लियर म्हणून सही करणार नाही.”

नानांनी कधी सोसायटीचं कर्ज घेतलं नव्हतं. त्यांच्याकडे शेतीच नव्हती. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून जुन्या फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या बदलाच्या नोंदीची) नक्कल काढली तेव्हा उलगडा झाला. लेआउट पडण्याआधी ही कापसाची जमीन होती. मूळ शेतकऱ्याने पीक कर्जासाठी सोसायटीला इकरार, म्हणजे जमीन कर्जाला तारण असल्याचा लेखी करार, करून दिला होता. इकरार झाला की बोजा सातबाऱ्यावर चढतो, आणि कर्ज फिटलं तरी तो आपोआप उतरत नाही. सोसायटीने लिहून द्यावं लागतं, तलाठ्याने नोंद घ्यावी लागते, मंडळ अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी लागते. शेतकऱ्याने कर्ज फेडलं, पण पुढचं कोणी केलं नाही. जमीन बिनशेती झाली, प्लॉट पडले, प्रत्येक प्लॉटचा सातबारा वेगळा झाला आणि ती ओळ सगळ्या सातबाऱ्यांवर उतरत गेली. नानांनी घर रोखीने घेतलेलं, म्हणून त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

इथे एक सांगून ठेवते. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमी या सरकारी साइटवर 15 रुपयांत मिळतो. इसार द्यायच्या आधी तो काढा आणि मालकाचं नाव बघून थांबू नका, इतर हक्कांचा रकाना वाचा. मी 15 रुपये खर्च केले असते तर इसाराच्या कागदात ‘बोजा विकणाऱ्याने उतरवून द्यायचा, तोवर मुदत वाढेल’ असं लिहून घेतलं असतं.

आता सोसायटी. सोसायटीचं कामकाज बघणाऱ्या गटसचिवाकडे तीन गावांच्या सोसायट्या. आमच्या सोसायटीत ते मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात असं समजलं. मी पहिल्यांदा गेले तो मार्चचा शेवटचा आठवडा, म्हणजे वसुलीचा. दाराला कुलूप. पुढच्या मंगळवारी पुन्हा कुलूप. शाळेतून अर्धी रजा काढायची, बसने जायचं आणि पारावर बसून परत यायचं. तिसऱ्या खेपेला भेटले तेव्हा म्हणाले, “ताई, त्या काळचं खतावणीचं रजिस्टर सापडत नाही. बाकी नाही असं मी कशावरून लिहून देऊ?” मी म्हटलं, “भाऊ, मग बाकी आहे असं तरी कशावरून म्हणता?” त्यावर ते गप्प राहिले आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

एप्रिल लागला तसं नव्या पीक कर्जाचं वाटप सुरू झालं. शेतकरी सकाळपासून रांगेत. त्यांच्यापुढे जाऊन माझ्या घराचं रडगाणं सांगायला मला जड जायचं, त्यांची तर पेरणी अडलेली. पण मीही किती थांबायचं? दर वेळी “पुढच्या आठवड्यात बघू.” कपाट उघडून रजिस्टर शोधायला एक तास पुरला असता. तो तास मला सात आठवडे मिळाला नाही, आणि हा राग अजून गेलेला नाही. आखाजी आली आणि गेली. आईचा फोन आला, “काय झायं व पोरी, कागद उना का?” मी नाही म्हटलं आणि फोन ठेवून दिला. त्या दिवशी पुरणपोळी गोड लागली नाही.

शेवटी मार्ग दुसरीकडूनच निघाला. मूळ शेतकऱ्याचे थोरले चिरंजीव आबा शेजारच्या गावात राहतात. आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. ओळख ना पाळख, तरी त्यांनी आधी जेवायला बसवलं, कळण्याची भाकरी आणि भरीत. मग वडिलांची पत्र्याची पेटी काढली. तिच्यात कर्जखात्याचं पासबुक निघालं. शेवटच्या पानावर बाकी निरंक, शिक्का, सही. आबा म्हणाले, “बापाने पैसा बुडवला नाही, हे माझ्यासाठीही बरं झालं.” दुसऱ्या दिवशी कामधंदा सोडून ते आमच्याबरोबर सोसायटीत आले. त्यांना बघून कपाट उघडलं, रजिस्टर वीस मिनिटांत सापडलं. येणेबाकी नसल्याचा दाखला मिळाला, खाली चेअरमनचीही सही. बाहेर मेचं ऊन, पारा 44 च्या पुढे, आणि मी तो कागद पदराखाली धरून बसस्टँडवर आले.

तलाठी भाऊसाहेबांनी दाखला वाचला आणि परत दिला. त्यात फक्त जुना गट नंबर होता, प्लॉट नंबर नव्हता. त्यांचं म्हणणं बरोबर होतं. सातबारा प्लॉटचा, मग दाखलाही प्लॉटचा हवा. पुन्हा मंगळवार, पुन्हा शुक्रवार.

या वेळी मी एकटी गेले नाही. संध्याकाळी लेआउटमध्ये घरोघर फिरले आणि प्रत्येकाला आपला सातबारा बघायला सांगितलं. सगळ्यांवर तीच ओळ. एका ताईंना मुलीच्या शिक्षणासाठी घर तारण ठेवायचं होतं, त्यांचंही काम यावरच अडणार होतं. आम्ही नऊजणांनी मिळून अर्ज दिला, प्लॉट नंबरांची यादी जोडून. नऊ माणसं दारात उभी राहिली तेव्हा दाखला त्याच दिवशी मिळाला. हे मी केलं याचा मला अभिमान आहे. त्या नऊ घरांवरून तो बोजा उतरला तो या अर्जामुळे.

बोजा कमी करण्याचा अर्ज ई-हक्क या सरकारी साइटवर ऑनलाइनही करता येतो, हे मला उशिरा कळलं. तोच करा. अर्जाचा नंबर मिळतो, मग “तुमचा कागद आलाच नाही” असं कोणी म्हणू शकत नाही. पुढे मंडळ अधिकाऱ्याच्या सहीला जुलै उजाडला.

तोवर मंजुरीपत्राची मुदत जवळ आली. पगारपत्रकं, बँक स्टेटमेंट, सगळं पुन्हा द्यावं लागलं. इसाराची मुदतही संपली होती. नाना सज्जन, म्हणून कागदावर वाढवून दिली. दुसऱ्या कोणी भाव वाढवून मागितला असता. तोंडी वाढवून घेऊ नका, लिहून घ्या.

श्रावणातले कानबाईचे रोट जुन्याच घरात झाले. त्यानंतरच्या आठवड्यात खरेदीखत. दुय्यम निबंधक कार्यालयातला वेळ जेमतेम दीड तास. फोटो, अंगठे, दोन साक्षीदार, झालं. घर फक्त माझ्या नावावर घेतलं. फक्त बाईच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे, 2021 पासून. जोड नावात एक पुरुष आला की ती जाते. आमचे 24,000 वाचले. नोंदणी फी 1 टक्का, कमाल 30,000, तीही आम्हाला 24,000 च बसली, म्हणजे एकाची भर दुसऱ्याने भरून निघाली. कर्जात हे सहकर्जदार आहेत, त्याने सवलतीला बाध येत नाही. घरात काही नातेवाईकांनी तोंडं वाकडी केली, सासूबाई मात्र म्हणाल्या, “तिने खेटे घातले, तिच्याच नावावर होऊ दे.”

खरेदीखत झालं म्हणून निर्धास्त होऊ नका. सूची क्रमांक 2 (खरेदीच्या नोंदणीचा उतारा) हातात घ्या आणि फेरफाराच्या मागे लागा. नोटीस निघते, हरकतीसाठी 15 दिवस असतात, मग नोंद प्रमाणित होते. माझी सप्टेंबरात झाली.

त्या रात्री मोबाइलवर नवा सातबारा उघडला. माझं पूर्ण नाव. उजव्या रकान्यात सोसायटीची ओळ नाही, आमच्या बँकेचा बोजा आहे, 18 लाखांचा, 20 वर्षांचा. कर्जाच्या फायलीच्या पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे, शेवटचा हप्ता गेला की त्याच आठवड्यात बँकेचं पत्र घेऊन तलाठ्याकडे जायचं. मुलीलाही ते पान दाखवलं आहे.