दाखला पोहोचला, पण नोंदला गेला नाही

डिसेंबर २०२३ अखेर माझ्या खात्यात पेन्शन जमा झाली नाही आणि जानेवारीतही झाली नाही. हयातीचा दाखला मी मुदतीत दिला होता, त्यावर सक्षम अधिकाऱ्याची सही-शिक्का होता आणि बँकेच्या शाखेत तो हातोहात पोहोचवलेला होता. आता सगळी रक्कम मिळालेली असली, तरी त्या दोन महिन्यांचा मनस्ताप अजून गेलेला नाही. मुलांकडे परदेशी राहायला निघालेल्या निवृत्तांना तो टळावा, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

मी केंद्र सरकारच्या पुण्यातील एका कार्यालयातून २०२० मध्ये निवृत्त झालो. मुलगी कॅनडात मिसिसागाला असते. मी आणि पत्नी सुपर व्हिसावर, म्हणजे तिथे राहणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांना मिळणाऱ्या दीर्घ मुदतीच्या व्हिसावर, तिच्याकडे राहायला आलो. या व्हिसावर एका प्रवेशात पाच वर्षांपर्यंत राहता येते. व्हिसा आणि प्रवास यांत सांगण्यासारखी अडचण आली नाही. निघण्यापूर्वी पेन्शनचे खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे भारतातले रुपया खाते) करून घेतले आणि पत्नीचे नाव त्यात कायम ठेवले, कारण माझ्या पश्चात तिचे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच संयुक्त खात्यात सुरू होऊ शकते.

परदेशी राहायला गेल्याने केंद्राची पेन्शन बंद होत नाही. दरवर्षी नोव्हेंबरात द्यायचा हयातीचा दाखला नोंदला गेला नाही, तर मात्र ती डिसेंबरपासून थांबते. परदेशात राहणाऱ्याने भारतीय दूतावासातील अधिकारी, नोटरी, मॅजिस्ट्रेट किंवा बँक अधिकारी यांच्यापैकी कोणाकडून दाखला साक्षांकित करून पाठवला, तर त्याला स्वतः हजर राहावे लागत नाही. टोरोंटोच्या भारतीय वाणिज्य दूतावासातर्फे नोव्हेंबरात पेन्शनरांसाठी शिबिरे भरतात. त्यांपैकी एका शिबिरात पासपोर्ट आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत दाखवून मला त्याच दिवशी दाखला मिळाला. तो कुरिअरने पुण्याला पुतण्याकडे पाठवला. त्याने शाखेत नेऊन दिला आणि छायाप्रतीवर शाखेचा शिक्का घेतला. काम झाले, असे समजून मी निश्चिंत झालो आणि माझी चूक तिथेच झाली.

डिसेंबरची पेन्शन आली नाही, तेव्हा पुतण्या शाखेत गेला. दाखला पेन्शनच्या मध्यवर्ती कक्षाकडे पाठवला आहे, असे त्याला सांगण्यात आले. मध्यवर्ती कक्षाला मी ई-मेल केला, तर असा कोणताही दाखला आलेला नाही, असे उत्तर आले. ते उत्तर छापून पुतण्या पुन्हा शाखेत गेला. पेन्शनचे काम पाहणारे अधिकारी बदलून गेले होते आणि नव्या अधिकाऱ्यांना त्या कागदाची काहीच माहिती नव्हती. शिक्का दाखवल्यावर त्यांनी तो मान्य केला, पण कागद सापडत नाही म्हणाले. संध्याकाळी पुतण्याचा फोन आला, "काका, ते म्हणतात, पेन्शनरला एकदा समक्ष येऊ द्या, लगेच सुरू करून देतो." बाहेर बर्फ पडत होते, पत्नीचा गुडघा दुखत होता, आणि जो नियम माझ्यासारख्याला प्रवास करावा लागू नये म्हणूनच केलेला आहे, तो बँकेतल्या अधिकाऱ्यालाच समजावून सांगण्याची वेळ माझ्यावर आली होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. पैशांची तातडीची गरज नव्हती, पण छत्तीस वर्षे नोकरी करून मिळवलेल्या पेन्शनसाठी विनवण्या कराव्या लागाव्यात, हे मनाला फार लागले.

कोंडी फुटली ती दोन गोष्टींमुळे. पेन्शन वाटणाऱ्या बँकांसाठी रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत, हे एका माजी सहकाऱ्याने सांगितले. हयातीचा दाखला बँकेच्या कोणत्याही शाखेत स्वीकारला गेला पाहिजे, त्याची सहीनिशी पोच दिली पाहिजे आणि नोंद संगणक प्रणालीत करून तिथून निघणारी पोचही दिली पाहिजे. पुतण्याने आणलेला शिक्का ही पोच नव्हती. कागद कोणी तरी घेतला, एवढेच त्यावरून सिद्ध होत होते. दुसरी गोष्ट म्हणजे केंद्रीय पेन्शनरांच्या तक्रारींसाठी असलेले सीपेनग्राम्स पोर्टल. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात दाखल्याची प्रत, शिक्का असलेली छायाप्रत आणि मध्यवर्ती कक्षाचे उत्तर जोडून मी तिथे तक्रार नोंदवली. दोन आठवड्यांत दोन्ही महिन्यांची पेन्शन जमा झाली.

बँकेकडून पेन्शन जमा होण्यास उशीर झाला, तर वार्षिक ८ टक्के दराने व्याज मिळते आणि ते पेन्शनरने न मागता द्यावयाचे असते. मला ते आपोआप मिळाले नाही. मी पुन्हा लिहिले, तेव्हा सुमारे सातशे रुपये आले. रक्कम छोटी आहे, तरी ती प्रत्येकाने मागावी, असे माझे ठाम मत आहे.

औषधोपचारांचे गणित वेगळे आहे. सीजीएचएस या केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे कार्ड भारतातल्या डिस्पेन्सरींत आणि पॅनेलवरच्या रुग्णालयांतच चालते. म्हणून ते निरुपयोगी समजून सोडून देऊ नये. माझ्या वेतनस्तराला महिना ६५० रुपये या दराने दहा वर्षांची वर्गणी, म्हणजे ७८,००० रुपये, एकदम भरून मी आजीवन कार्ड घेतले आहे. पुण्याला गेलो की दोघांच्या तपासण्या त्यावरच होतात. निघताना तिकिटाची प्रत दाखवली, की नेहमीच्या औषधांचा काही महिन्यांचा साठाही आगाऊ मिळतो. कॅनडातल्या आजारपणासाठी मात्र सुपर व्हिसाच्या अटीनुसार किमान एक लाख डॉलरचा वैद्यकीय विमा घ्यावा लागतो. पत्नीला मधुमेह असल्यामुळे त्यातली जुन्या आजारांची अट मी दोनदा वाचली. प्रवासापूर्वीच्या ठरावीक काळात औषधाची मात्रा बदललेली असेल, तर अशा आजाराचा खर्च नाकारला जाऊ शकतो.

आधी लिहायला हवे होते, ते आता आठवले: भारतातला मोबाइल क्रमांक बंद पडू देऊ नका. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. प्राप्तिकराच्या दृष्टीने अनिवासी झालात, तर पेन्शनवर भारतात कर लागतोच, शिवाय जुन्या करप्रणालीत ज्येष्ठ नागरिकांना मिळणारी वाढीव करमुक्त मर्यादा मिळत नाही आणि एनआरओ खात्यावरच्या व्याजातून ३० टक्के दराने, अधिक उपकर, कर कापला जातो.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मी कागद पाठवला नाही. भारतातून आणलेल्या फोनवर जीवन प्रमाण या सरकारच्या डिजिटल हयात-दाखल्याच्या सेवेचे चेहरा ओळखणारे अ‍ॅप घेतले, खिडकीकडे तोंड करून बसलो आणि सांगितल्यावर डोळे मिचकावले. पहिले दोन प्रयत्न फसले, तिसऱ्याला प्रमाण आयडी, म्हणजे त्या दाखल्याचा क्रमांक, आला. तरीही आठवड्याने बँकेच्या मध्यवर्ती कक्षाला ई-मेल करून दाखल्याची नोंद झाली आहे का, हे विचारले आणि "नोंद झाली आहे" असे लेखी उत्तर आल्यावरच ती फाइल बंद केली.