हिरवा दिवा आणि उपाशी बॅटरी

आमची 26 फुटी शिडाची बोट गेटवेसमोर बोयाला बांधलेली असते. किनाऱ्यावरून वीज घ्यायची सोय नाही, म्हणून 100 वॉटचं सोलर पॅनल, 12 व्होल्टची बॅटरी आणि दोन्हींच्या मध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर. यंदा सकाळी दहालाच कंट्रोलरचा ‘फुल’चा हिरवा दिवा लागायचा आणि रात्री केबिनचे दिवे थोड्याच वेळात मिणमिणायला लागायचे.

इलेक्ट्रिशियनने फोनवरच सांगितलं, बॅटरी गेली, नवी टाका. अगदीच चूक नव्हतं. आतल्या प्लेटांवर सल्फेटचा थर धरलेली जुनी बॅटरीही अशीच झटपट ‘भरते’. पण एवढा खर्च करण्याआधी मोजून तर बघू म्हटलं.

मोजायचं ते करंट वाहत असताना, नाहीतर सगळं ठणठणीतच दिसतं. ऊन चढल्यावर, फेरीबोटींच्या लाटांवर डुलत, मल्टिमीटर लावला. कंट्रोलरच्या टर्मिनलवर 14.4, बॅटरीच्या टर्मिनलवर 13.1! म्हणजे 1.3 व्होल्ट वाटेतच गळत होते. कंट्रोलरला दिसतं ते त्याच्या स्वतःच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज. तिथे 14.4 झाले की तो हात आखडता घेतो. बॅटरी बिचारी अर्धपोटीच.

मग एक प्रोब कंट्रोलरच्या प्लसवर ठेवून दुसरी एकेका जोडावर सरकवत नेली. फ्यूज होल्डर ओलांडताच आकडा एकदम उडी मारून वर गेला. खलाशी काकांनी त्याला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. “अहो, हा तर तव्यासारखा तापलाय!”

पॅनल आधी सोडवलं, मग बॅटरी. होल्डर उघडला तर आत हिरवा थर. वायर सोलली, तर वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. खारी दमट हवा तारांच्या फटींतून अशीच आत शिरते.

लोहार चाळीतून 6 चौरस मिलिमीटरची कल्हईवाली वायर, लग (वायरच्या टोकाला बसवायची धातूची टोपणं) आणि आतून गोंद असलेली, गरम केल्यावर आकसणारी हीटश्रिंक नळी आणली. नवा फ्यूज होल्डर बॅटरीच्या अगदी जवळ बसवला. लग सोल्डर न करता क्रिम्प केले, म्हणजे पकडीने दाबून घट्ट बसवले. हादऱ्यांनी सोल्डरच्या कडेला तारा तुटतात. जोडताना बॅटरी आधी, पॅनल नंतर.

आता दोन टोकांतला फरक जेमतेम 0.1 व्होल्ट आहे. हिरवा दिवा लागायला दुपार उलटते आणि बॅटरी तीच जुनी आहे. दुपारनंतर बूमची (शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावली पॅनलवर पडते, तेवढं पॅनल सरकवायचं राहिलंय.