झाकणाच्या कडेवरची नक्षी

थोरल्या बहिणीला भेट देण्यासाठी सागवानाची एक पेटी मी स्वतःच तयार केली. सांधे जुळले, गोंद वाळला, झाकणावर रंधाही मारून झाला आणि उरले ते झाकणाच्या चारही कडांना राउटरने, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या पात्याने लाकूड कोरणाऱ्या विजेच्या यंत्राने, नक्षी काढण्याचे काम. संपूर्ण पेटीला जितका वेळ लागला नाही, तितका या एका कामाला लागेल, असे मला मुळीच वाटले नव्हते.

नक्षीसाठी मी निवडलेली बिट (राउटरमध्ये बसवायचे फिरते पाते) कडेला नागमोडी आकार देणारी, म्हणजे आधी फुगीर आणि मग खोलगट जाणारी होती. तिच्या टोकाला बेअरिंग, म्हणजे मोकळे फिरणारे छोटे चाक, असते. ते लाकडाच्या उभ्या कडेला टेकून फिरते आणि त्यामुळे बिट किती आत जाईल, हे आपोआप ठरते. झाकण १८ मिलिमीटर जाडीचे आणि नक्षी १० मिलिमीटर उंचीची असल्यामुळे बेअरिंगला टेकायला खाली पुरेशी जागा उरत होती. बिट बसवण्यापूर्वी प्लग काढला. बिटचा दांडा कोलेटमध्ये, म्हणजे तो पकडून ठेवणाऱ्या राउटरच्या तोंडात, तळापर्यंत घालून पुन्हा दोन-तीन मिलिमीटर वर ओढला, कारण तो तळाला टेकलेला असेल तर कोलेटची पकड पक्की बसत नाही. बिटचा व्यास २८ मिलिमीटर होता, म्हणून वेग मिनिटाला १८,००० फेऱ्यांवर आणला. राउटर हातात धरून कामाच्या वरच्या बाजूने चालवतो, तेव्हा वरून पाहता बिट घड्याळाच्या दिशेने फिरत असते. म्हणून बाहेरच्या कडांवर राउटर घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे आपल्या समोरची कड डावीकडून उजवीकडे, न्यावा लागतो. उलट नेला तर बिट लाकडाला धरून पुढे पळू पाहते आणि राउटर हातातून ओढला जातो.

एवढे सगळे पाळूनही चूक झालीच, आणि ती क्रमाची होती. मी लांब बाजूने सुरुवात केली आणि शेवट आडव्या बाजूवर केला. या बाजूवर लाकडाच्या रेषांची टोके कापली जातात. तिथे राउटर शेवटच्या कोपऱ्यातून बाहेर पडताना तेथील रेषांना मागून काहीच आधार नसतो. पहिलाच उथळ हात, म्हणजे राउटरची एक फेरी, चालू होता, जेमतेम तीन मिलिमीटर खोलीचा. कोपऱ्यावर ‘टच्‌’ असा बारीक आवाज आला आणि चार मिलिमीटर खोल कपची उडाली. ती कपची भुशात शोधून परत चिकटवावी म्हणून मी गुडघे टेकून बराच वेळ शोधत होतो. ती मिळाली नाही आणि मिळाली असती तरी नक्षीच्या वळणावर तो जोड लपला नसता, हे मनातून मला ठाऊकच होते.

सुदैवाने झाकण पेटीच्या चारही बाजूंनी १२ मिलिमीटर बाहेर आलेले होते. प्रत्येक बाजू पाच मिलिमीटरने कापली, तेव्हा कपचीची जागा आणि तो पहिला हात दोन्ही निघून गेले. पेटीबाहेर सात मिलिमीटर उरले आणि खरे सांगायचे तर पेटी त्याने अधिक आटोपशीर दिसू लागली.

दुसऱ्या खेपेस मी त्याच फळीच्या उरलेल्या तुकड्यावर आधी पूर्ण नक्षी काढून पाहिली. मग झाकण दुतर्फी टेपने प्लायवूडवर चिकटवले, म्हणजे फळी आवळून धरणाऱ्या क्लॅम्पची अडचण नको. आधी आडव्या बाजू घेतल्या आणि राउटर जिथून बाहेर पडणार, त्या कोपऱ्याला त्याच जाडीचा टाकाऊ लाकडाचा ठोकळा घट्ट चिकटवून बसवला. फाटायचे तर तो फाटेल. लांब बाजू सर्वांत शेवटी घेतल्या, म्हणजे कोपऱ्यावर बारीक काही उखडले असेल तर ते त्यांच्यासोबत निघून जाईल. खोली दर हाताला दोन-अडीच मिलिमीटरने वाढवली आणि शेवटचा हात केवळ अर्ध्या मिलिमीटरचा ठेवला.

या शेवटच्या हातानेच मला आणखी एका चुकीतून वाचवले. एका कोपऱ्यावर वळताना मी क्षणभर थांबलो होतो आणि बिट जागच्या जागी फिरून तिथे काळपट डाग पडला होता. सागवानातील सिलिकामुळे धार लवकर बोथट होते, त्यामुळे घर्षण आणखी वाढले असावे. सफाईच्या हातात न थांबता, सारख्या चालीने राउटर नेला, तेव्हा तो डाग निघाला. डाग पॉलिश पेपरने घासून काढायच्या फंदात पडलो असतो, तर वळणाचा धारदारपणा गेला असता. पेपर वापरला तो फक्त १८० आणि २२० नंबरचा, आणि तोही बारीक गोल काठीला गुंडाळून खोलगट भागात हलक्या हाताने.

तेलाचा हात दिल्यावर मात्र एक गोष्ट उघडी पडली. एका लांब बाजूवर रंध्याने जेमतेम अर्धा मिलिमीटरची खळी राहिली होती. बेअरिंगने ती जशीच्या तशी गिरवली आणि नक्षीच्या रेषेतही तिथे किंचित लाट आली. तिरप्या उजेडात धरले तर दिसते, एरवी नाही. ती बाजू मी मागे घेतली आणि बिजागऱ्या तिथेच बसवल्या.