अकरा मिनिटांची गोळी

ठाणे जिल्ह्यातील एका छोट्या औषध कारखान्यात मी गुणवत्ता विभागात होते. ब-गट आणि क जीवनसत्त्व असलेल्या, लवकर फुटणाऱ्या गोळीची चौथी बॅच त्या दुपारी तपासणीला आली. ३७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात सहा नळ्यांची जाळीदार टोपली मिनिटाला सुमारे तीस वेळा वरखाली होते. एरवी मिनिटभरातच रायबोफ्लेविनने, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाने, पाणी पिवळेधमक होई आणि अडीच मिनिटांत जाळी रिकामी दिसे. त्या दिवशी पाचव्या मिनिटालाही गोळ्या फक्त कडांना झिजल्या होत्या. शेवटची अकराव्या मिनिटाला फुटली.

लेप नसलेल्या गोळीसाठी फार्माकोपियाची, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाची, मर्यादा १५ मिनिटांची असल्यामुळे बॅच सोडावी, असे उत्पादन विभागाचे म्हणणे होते. अकरा मिनिटांनी कोणाच्या पोटाचे काही बिघडत नाही, हे मलाही मान्य होते. पण आमची स्वतःची मर्यादा तीन मिनिटांची होती आणि वेष्टनावर ‘झटपट’ असे आम्हीच छापले होते.

माझा पहिला संशय क्रॉसपोव्हिडोनवर, म्हणजे गोळी पाण्यात फोडणाऱ्या घटकावर, गेला, आणि तो चुकीचा निघाला. वजनाच्या नोंदी चोख होत्या. हार्डनेस, म्हणजे गोळीचा टणकपणाही नेहमीइतकाच होता. मग जुन्या बॅचच्या राखीव नमुन्यावर आणि या गोळीवर पाण्याचा एकेक थेंब सोडून पाहिला. जुन्या गोळीने तो क्षणात पिऊन टाकला. नवीवर तो अळूच्या पानावर राहावा तसा गोल उभा राहिला.

हे काम मॅग्नेशियम स्टिअरेटचे. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून ते अगदी शेवटी, थोडाच वेळ मिसळायचे असते; जास्त फिरवले की प्रत्येक कणावर त्याचा मेणचट थर बसतो, पाणी आत शिरत नाही आणि कणही एकमेकांना नीट धरत नाहीत. तरी हार्डनेस टिकला कसा, याचे उत्तर यंत्राच्या नोंदवहीत होते: पाळीत दोनदा दाब वाढवला होता.

मिश्रणाच्या नोंदीत मात्र छापील ‘३ मिनिटे’पुढे सही होती. ब्लेंडरवरचा कामगार बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मॅडम, पावडरीत गुठळ्या दिसत होत्या, म्हणून अजून फिरवलं. वीसेक मिनिटं झाली असतील.”

बॅच रद्द झाली. गुठळ्या कुठून आल्या म्हणून मी चाळणी मागवली, तर तिची जाळी एका कडेला बोटभर फाटलेली होती, आणि नव्या चाळणीचा मागणीअर्ज दीड महिन्यापासून खरेदी विभागात पडून होता.