ऑटिझम असलेल्या मुलासाठी शाळा निवडताना: स्पेशल की नॉर्मल, आणि आम्ही काय केलं

जानेवारी उजाडला की ओळखीपाळखीतून फोन यायला लागतात. "ताई, तुमचा मुलगा नॉर्मल शाळेत आहे ना, मग आम्हीपण तिकडेच घालू का?" किंवा "स्पेशल शाळेत एकदा घातलं की पोरगं कायमचं तिथलंच होऊन जातं म्हणतात, खरंय का?" फोनवर सांगता येतं तेवढं सांगते पण दरवेळी काहीतरी राहून जातंच, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय. आम्ही कोल्हापुरात राहतो. मुलाला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे, तो चौथीत आहे, वयाने वर्गातल्या पोरांपेक्षा मोठा आहे, बोलतो कमी, वाचतो भरपूर, आणि मोठे आवाज त्याला अजिबात सहन होत नाहीत. पहिल्यांदा स्पेशल शाळेत होता, आता घराजवळच्या महापालिकेच्या मराठी शाळेत आहे, आणि दोन्हीकडचं बघून माझं जे मत झालंय ते सांगते.

नेटवर वाचलं की असं वाटतं एका बाजूला खास ऑटिझमसाठी काढलेली शाळा, दुसऱ्या बाजूला इन्क्लुसिव शाळा, म्हणजे जिथे सगळी मुलं एकत्रच शिकतात ती, दोन्हीकडे जाऊन बघायचं आणि ठरवायचं. पुण्या-मुंबईत तसं असेलही. आमच्याकडे स्पेशल शाळा म्हणजे बहुतेक करून मतिमंद मुलांची शाळा, त्यातच ऑटिझमची मुलं असतात. शिकवणाऱ्या ताई जीव लावतात यात शंकाच नाही, पण त्यांचं ट्रेनिंग बरेचदा बौद्धिक अक्षमतेतलं असतं, आणि ऑटिझमचं पोरगं वेगळ्याच ठिकाणी अडतं. त्याला गणित येतं पण डबा उघडून दे असं सांगता येत नाही. आणि इकडच्या नॉर्मल शाळांपैकी खूप जणांनी ऑटिझम हा शब्द फक्त ऐकलेला असतो. म्हणजे आपल्याला निवडायचंय ते दोन अर्धवट गोष्टींमधून, हे आधी मान्य केलं की डोकं जरा शांत होतं.

कायद्याचं आधी सांगते कारण फोन करणाऱ्या बहुतेकांना ते माहीतच नसतं. 1995 च्या अपंग कायद्यात 7 प्रकार होते आणि त्यात ऑटिझम नव्हताच. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार झाले त्यात स्वतंत्रपणे आला. या 2016 च्या कायद्याचं कलम 31 प्रत्येक आईबापाने वाचावं. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला शेजारच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या स्पेशल शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पसंती त्याची, म्हणजे घरच्यांची. शाळेची नाही, डॉक्टरांची नाही आणि शेजारच्या काकूंची तर नाहीच नाही. आणि कलम 16 म्हणतं की सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यायचा. आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, त्याने खासगी शाळांत राखून ठेवलेल्या 25 टक्के जागांमध्येही दिव्यांग मुलं 2012 च्या दुरुस्तीपासून वंचित घटकात धरली जातात, तिथे आपल्या राज्यात उत्पन्नाचा दाखला लागत नाही, दिव्यांग प्रमाणपत्र लागतं. त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढून ठेवा. "शिक्का बसेल" म्हणून लोक थांबतात, मला ते कळतं, आमच्या घरीही त्यावर बराच वाद झाला. पण ते कार्ड कुणाच्या कपाळावर लावलेलं नसतं, आपल्या फाईलमध्ये असतं आणि लागेल तेव्हाच बाहेर काढायचं असतं.

हे सगळं असूनही एका नावाजलेल्या इंग्लिश मीडियम शाळेत आम्हाला सांगितलं की आमच्याकडे अशा मुलांसाठी सोय नाही, फार तर तुम्ही शॅडो टीचर (वर्गात फक्त आपल्या मुलाशेजारी बसून त्याला मदत करणारी बाई) आणा, पगार तुम्ही द्या, आणि जमलं नाही तर वर्षाच्या मध्येही काढावं लागेल. नवऱ्याने शांतपणे एवढंच म्हटलं की हे आम्हाला लेखी द्या. त्यावर भाषा लगेच बदलली, "तसं नाही हो, विचार करू" वगैरे. लेखी मागायची सवय लावून घ्या, भांडायची गरज पडत नाही. त्या शाळेत आम्ही घातलं नाही. हक्क होता, पण जिथे पहिल्याच दिवशी काढायचं बोलणं होतं तिथे माझं पोरगं रोज सहा तास बसवायची माझी तयारी नव्हती, आणि कुणी घालायचंच ठरवलं तर त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

आता स्पेशल शाळेबद्दल. "तिथे घातलं की पोरगं मागे पडतं" हे मला पटत नाही. आमचा तिथे गेला तेव्हा बोलत नव्हता, शी-शू सांगत नव्हता, आणि काही मनाविरुद्ध झालं की डोकं जमिनीवर आपटायचा. त्या वर्गात आठ मुलं आणि दोन ताई होत्या. भिंतीवर प्रत्येकाच्या नावाची एक पट्टी, तिच्यावर वेल्क्रोने चिकटवलेली चित्रं, प्रार्थना, मणी ओवणं, डबा, झोपाळा, घरी. एक काम झालं की मुलाने स्वतः उठायचं, ते चित्र उपसायचं आणि खालच्या डब्यात टाकायचं. वेल्क्रोचा तो खर्रर्र आवाज याला इतका आवडायचा की सुरुवातीला काम न करताच सगळी चित्रं काढून टाकायचा. ताईंनी रागावणं नाही की काही नाही, प्रत्येक वेळी परत लावायच्या आणि त्याचा हात धरून पहिलं काम पुरं करून घ्यायच्या. काही महिन्यांत याला कळलं की आता काय आणि नंतर काय हे भिंतीवर बघितलं की समजतं. डोकं आपटणं त्यानंतर कमी झालं. गोळी नाही, उपास नाही, नवस नाही. पुढे काय होणार ते कळायला लागलं म्हणून. हे साठ मुलांच्या वर्गात कुठल्या बाईंनी कधी शिकवलं असतं?

मग काढलं कशाला, असं सासूबाईंनीच विचारलं होतं. त्यांना ती शाळा आवडायची, रोज सोडायला त्याच जायच्या. कारण असं की हा दुसऱ्यांचं बघून शिकायला लागला होता. घरासमोरच्या पोरांचं बोलणं ऐकून "आउट आउट" म्हणायला लागला, चुलतभावाचं बघून बुटाची लेस ओढायला लागला. आणि वर्गात त्याच्याशी बोलेल असं मूल एकही नव्हतं, सगळीच न बोलणारी किंवा एकटी राहणारी. त्या वयाला त्याला बोलणाऱ्या पोरांची संगत हवी होती आणि ती थेरपीत मिळत नाही. तिथल्या ताईच म्हणाल्या, "आता याला बाहेर बघा, नाही जमलं तर आम्ही आहोतच." हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. परत यायची वाट उघडी ठेवणारी शाळा असेल तर जायला भीती वाटत नाही.

महापालिकेची शाळा म्हटल्यावर नातेवाइकांनी नाकं मुरडली. पण हिशोब बघा. आरटीईप्रमाणे पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक. फी भरून ज्या शाळा आम्ही बघितल्या तिथे एकेका वर्गात पन्नासच्या वर मुलं. आणि मराठी शाळांची पटसंख्या कमी होत चाललीय म्हणून सगळे हळहळतात, मलाही वाईट वाटतं, पण त्यामुळेच आमच्या गल्लीमागच्या शाळेत पहिलीला जेमतेम वीस मुलं होती. कमी मुलं, कमी गोंगाट, चालत पाच मिनिटांवर, स्कूलबसची गर्दी नाही, आणि घरी जी भाषा तीच शाळेत. काही जण सांगतात की अशा मुलांना एकच भाषा ठेवा आणि ती इंग्लिशच ठेवा. एकच ठेवायची तर आजीशी बोलता येईल ती ठेवा ना! वर्गातल्या पोरांपैकी निम्मी आमच्याच गल्लीतली, त्यांना हा आधीपासून माहीत होता. पुढच्या बाकावरच्या मुलीला कुणी काही शिकवलं नव्हतं, तिने आपलंआपणच ओळखलं की याला खांद्याला हात लावलेला चालत नाही, म्हणून ती बाकावर दोन टकटक करते आणि मग बोलते. आता सगळा वर्ग तसंच करतो.

बाई चांगल्या मिळाल्या हे नशीब, ते मी मान्य करते, पण नशिबाला थोडी मदत करता येते. शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसमध्ये बसून फी आणि निकालाचं ऐकू नका, मधल्या सुट्टीत जा. घंटा कशी वाजते, पोरं कुठे धावतात, बाथरूमला दार आणि कडी आहे का, तिथे मोठी मुलं असतात का. गेटवर कोण असतं ते बघा, कारण आपली काही मुलं दार उघडं दिसलं की चालू पडतात आणि हाक मारली तरी वळत नाहीत. आणि वर्गशिक्षकांना एकच प्रश्न विचारा की रडायला लागला तर तुम्ही काय कराल? "कुठे रडतात हो मुलं आमच्याकडे" म्हणणाऱ्यांपेक्षा "तुम्ही घरी काय करता ते सांगा" म्हणणारी बाई मला हजारपट बरी वाटते. आमच्या बाईंनी तेच विचारलं. घंटा व्हायच्या दोन मिनिटं आधी त्या याला फळ्याचं डस्टर झटकायला व्हरांड्यात पाठवतात, तो घंटेपासून लांब असतो आणि परत येतो तेव्हा गोंधळ ओसरलेला असतो. पैसा लागला नाही, जीआर लागला नाही.

पण सगळं बाईंच्या चांगुलपणावर चालावं हे मला मुळीच बरोबर वाटत नाही. सुप्रीम कोर्टाने ऑक्टोबर 2021 मध्ये रजनीश कुमार पांडे प्रकरणात सांगितलंय की प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना 15 मागे एक विशेष शिक्षक हवा. आमच्या शाळेत समग्र शिक्षा या सरकारी योजनेकडून विशेष शिक्षिका येतात, कामाच्या आहेत, पण त्यांच्याकडे इतक्या शाळा आहेत की आठवड्यातून एकदा आल्या तरी खूप. त्या येतात त्या तासाला हा शिकतो, बाकीचे दिवस बाई आणि मी. स्पेशल शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे, नॉर्मल शाळा शिक्षण विभागाकडे, त्यामुळे तिथल्या ताईंना काय जमलं होतं ते इकडच्या बाईंना सांगणारं कुणीच नाही. ते काम आईने करायचं. मी त्या शाळेतली आयईपीची, म्हणजे या एकट्यासाठी आखलेल्या शिकवण्याच्या योजनेची, वही झेरॉक्स करून इकडे दिली, वेल्क्रोची पट्टीही करून दिली, ती अजून त्याच्या बाकाला आतून चिकटवलेली आहे.

आणि एक मात्र ठामपणे सांगते. नॉर्मल शाळेच्या मागच्या बाकावर शॅडो टीचरच्या शेजारी बसवून ठेवलेलं, कुणाशी बोलत नसलेलं, रोज घरी येऊन रडणारं पोरगं मेनस्ट्रीममध्ये नाहीये, फक्त त्या इमारतीत आहे. नातेवाइकांना सांगायला बरं वाटतं म्हणून त्याला तिथे ठेवू नका. ज्याला अजून आपली गरज सांगता येत नाही, चित्राने म्हणा खुणेने म्हणा, त्याला आधी ते शिकवणारी जागा हवी, ती कुठेही असो. ज्याला सांगता येतं आणि जो बघून शिकतो त्याला पोरांमध्ये ठेवायचा प्रयत्न करा. दर वर्षी परत विचार करा. दहावीची काळजी आत्ताच करू नका, बोर्डात जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत, आणि एनआयओएस म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड आहे, तिथे मराठीतून दहावी करता येते, वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, एकदा नोंदणी केली की 5 वर्षांत 9 संधी मिळतात, एकेक विषय सुटा देता येतो.

आमच्यापुढे आता पाचवी आहे. चौथीपर्यंत एकच बाई असतात, हायस्कूलला दर तासाला वेगळे सर येणार, दर तासाला घंटा होणार, पट दुप्पट होणार. तीन ठिकाणी बोलून झालंय, स्पेशल शाळेतल्या ताईंशीही बोलले, त्यांचं मत की निम्मा दिवस इकडे निम्मा तिकडे करून बघा. ते एका हायस्कूलने नाही म्हटलं, दुसऱ्याने हजेरीचं कसं बसवायचं ते विचारून सांगतो म्हटलंय. त्या दुसऱ्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी वार्षिक परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये याला रिकाम्या वर्गात येऊन बसू दे म्हणून परवानगी दिलीय, घंटा किती जोरात वाजते तेही तेव्हाच कळेल. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजीकडे कुणी पाचवीला असं निम्मं-निम्मं करून बघितलं असेल तर हजेरी कशी धरली तेवढं मला नक्की सांगा.