डोक्यातली गर्दी आणि चार रकान्यांची वही

मार्चएंड संपला की आमच्या पतसंस्थेत सगळे हुश्श करतात. माझं डोकं मात्र पुढेही सुरूच असायचं. अंथरुणाला पाठ टेकली की ऑडिटरने काढलेली शंका, मुलीची फी, सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, जेवताना कुणीतरी सहज बोललेलं वाक्य, सगळं एकदम आठवायचं. अंग दमलेलं आणि डोळे टक्क उघडे. रक्त तपासलं, थायरॉइड पाहिलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "ताई, विचार कमी करा." ते कसं करायचं, हे काही त्यांनी सांगितलं नाही.

ध्यान करून पाहिलं. श्वासाकडे लक्ष द्यायला बसले की थकबाकीदारांची यादीच समोर यायची. ध्यानाला मी नावं ठेवत नाही. माझ्या नणंदबाई इगतपुरीला दहा दिवस मौनात राहून आल्या आणि आजही पहाटे तासभर बसतात. मला ते जमलं नाही, एवढंच. मग डायरी सुरू केली. पानंच्या पानं भरायची : त्या मला असं का बोलल्या, दर वेळी मीच का. लिहिलं की मन मोकळं होतं म्हणतात, पण माझा राग लिहिता लिहिता ताजा व्हायचा आणि झोप आणखी लांबायची.

शेवटी ह्यांनीच एका समुपदेशक बाईंची वेळ घेतली. बाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर तीन रकाने आखले. घडलं काय, मी त्याचा अर्थ काय लावला, मग मला वाटलं काय. ही पद्धत मूळची अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची, १९५५च्या सुमाराची, आपल्याकडे कि. मो. फडके यांनी ती मराठीत आणली. आपण अस्वस्थ होतो ते थेट घटनेमुळे नाही, मधे आपला विचार असतो, असं त्यातलं सूत्र. ऐकायला सोपं वाटलं. पण पहिला रकानाच मला धड भरता येईना.

मी लिहिलं, "जाऊबाईंनी टोमणा मारला." बाई म्हणाल्या, "टोमणा दुसऱ्या रकान्यात. त्या नेमकं काय बोलल्या?" आठवून लिहिलं : "ऑपरेशनच्या दिवशी तुला रजा मिळेल का गं?" बस, एवढंच. "नोकरीचं निमित्त सांगून ही नेहमी सुटते" हे पुढचं सगळं माझं स्वतःचं होतं. आठवडाभर मी ते वाक्य घरभर घेऊन फिरत होते, आणि ते कुणी उच्चारलेलंच नव्हतं.

चौथा रकाना मी माझ्या पदरचा घातला, तो थेट नोकरीतून आला. एखाद्या रकमेचा पत्ता लागला नाही की ती सस्पेन्स खात्याला टाकून आम्ही दिवसाची कीर्द बंद करतो. रक्कम विसरत नाही, पण तिच्यापायी रात्रभर काउंटरही उघडा ठेवत नाही. तसा हा रकाना : कधी बघायचं. "शनिवारी जाऊबाईंना फोन." "सोमवारी ऑडिटरची शंका, व्हाउचरची फाइल काढून." नुसतं "ऑडिट" लिहून भागत नाही, वार आणि काम दोन्ही हवं.

मुलगी मानसशास्त्र शिकते. तिने सांगितलं की २०१८मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाचा असाच एक प्रयोग प्रसिद्ध झाला. ५७ तरुणांपैकी काहींनी झोपण्याआधी पाच मिनिटं पुढच्या कामांची यादी लिहिली, तर काहींनी झालेल्या कामांची. पहिल्या गटाला सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली, आणि यादी जितकी नेमकी तितकी ती लवकर लागली. नऊ मिनिटं म्हणजे काही चमत्कार नव्हे. पण तिच्यासमोर माझा भाव जरा वधारला.

मी वही घेऊन बसते ती ओटा आवरून झाल्यावर, जेवणाच्या टेबलापाशी, अंथरुणात कधीच नाही. फोन आतल्या खोलीत. गजर दहा मिनिटांचा; तो वाजला की वाक्य अर्धं असलं तरी वही बंद. आणि लिहिताना मी स्वतःला "तू" म्हणते. आमची आई दिवेलागणीला मनाचे श्लोक म्हणायची. २०५ श्लोक, आणि रामदास मनाला समोर बसवून बोलल्यासारखे बोलतात. "अगं, तुला एवढं का लागलं?" असं लिहिलं की मी आपोआप थोडी समजूतदार होते.

विचार थांबले का? नाही. येतात, पण "तुझा नंबर शनिवारी" म्हटलं की बहुतेक वेळा माघारी जातात.

त्या शनिवारी फोन केला. "ताई, मला गुरुवार-शुक्रवार रजा मिळतेय." त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई! दवाखान्यात तूच थांब. मला मेलीला तिथल्या वासानंच गरगरतं. घरी आणलं की पुढचं सगळं मी बघते."

दर वेळी असं गोड निघत नाही. ऑफिसातल्या एकाबद्दल मी लावलेला अर्थ तंतोतंत खरा होता. तेव्हा चौथ्या रकान्यात "मॅनेजरांशी बोलणे, बुधवारी" लिहिलं आणि बोलले. वडील गेले तेव्हा मात्र कित्येक दिवस वही उघडलीच नाही. रकाने आखायची ती वेळच नव्हती. आणि झोप, भूक दोन्ही उडून आठवडे लोटले असतील, तर वहीवर विसंबून राहू नये. सरळ डॉक्टरांकडे जावं किंवा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ नंबरवर फोन करावा. तो मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

महिनाअखेरीला जुनी पानं चाळते. चौथ्या रकान्यातलं राहिलेलं नव्या पानावर ओढते आणि बाकी बारीक फाडून टाकते. घरात वाचणारी माणसं बरीच आहेत, आणि जाऊबाईही अधूनमधून मुक्कामाला असतात.