मागाजवळचे वर्ष

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेल कारखान्यातली माझी वर्षभराची शिकाऊ उमेदवारी आज पूर्ण झाली. टेरी टॉवेलच्या (धाग्यांच्या कड्या असलेल्या टॉवेलच्या) मागावर ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्यांचे, दोन बीम (धागे गुंडाळलेले रूळ) असतात, हे पुस्तकात वाचले होते; परंतु कापडाचा पाया घडवणारा ताणा घट्ट आणि कड्यांचा ताणा सैल ठेवून फणी (आडवे धागे ठोकून बसवणारी दातेरी चौकट) दोन आडवे धागे जरा अलीकडे सोडते आणि तिसऱ्यासोबत तिन्ही पुढे रेटते, तेव्हा सैल धाग्यांच्या कड्या उभ्या राहतात, हे मागाशेजारी वाकून पाहिल्यावरच नीट उमगले. घरी तेलुगू बोलणाऱ्या एका ज्येष्ठ कामगाराने, ज्यांना सगळे मामाच म्हणतात, मला ताण्यावरून बोटे फिरवून ताण ओळखायला शिकवले.

शिकाऊ उमेदवारी अधिनियम, १९६१ नुसार मला विद्यावेतन मिळाले. मामांची मजुरी मात्र मालावर ठरते, त्यामुळे मला समजावताना माग थांबला की तोटा त्यांचाच होई, आणि तरीही त्यांनी एकदाही हात आखडता घेतला नाही. शिकवणाऱ्या कामगारालाही त्या वेळेचा मोबदला मिळायला हवा, असे मला मनापासून वाटते.